थाप पडली की सोडायचं

काकू कुठेही बसल्या की पाठ भिंतीला लावतात. चहाचा कप डाव्या हातात धरतात, उजवा मोकळा ठेवतात. कोपऱ्यावर वळताना भिंतीला चिकटून वळत नाहीत, रस्त्याकडून मोठा फेरा घेतात. लेसचे बूट घालत नाहीत. लिफ्टमध्ये बटणांपाशी उभ्या राहतात. अनोळखी माणसाशी बोलताना दोन्ही तळहात छातीसमोर उघडे धरतात, जणू समोर काच आहे. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर आधी तो हात पकडतात आणि मग कोण आहे ते बघतात. हा प्रयोग त्यांच्या धाकट्या दिराने एकदाच केला.

"वहिनी, मी आहे, मी!"

"मग तोंडाने सांगायचं ना, भाऊजी."

"पाणी प्यायला आलो होतो. पुढच्या वेळी अर्ज करून येतो."

आणि एक सवय. अंगावर कुणाची दोनदा थाप पडली की काकूंचे हात आपोआप सुटतात. बाकीच्या सवयी त्यांनी मेहनतीने लावून घेतल्या. ही मात्र त्यांना मोडायची आहे, आणि मोडवत नाही.

काकू कुरिअर पोचवतात. स्कूटरच्या मागे मोठा डबा असतो. सकाळी कचेरीत गल्ल्यांप्रमाणे पार्सलं लावायची, जड खाली, नाजूक वर. ज्याच्यावरचा पत्ता पुसट असेल तो मार्करने पुन्हा लिहायचा. अक्षर ठसठशीत आहे. आधी सगळी अक्षरं मांडतात आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेषा ओढतात. मग दिवसभर जिने. जिन्याच्या तळाशी उभं राहून "पार्सल!" अशी हाक दिली की सगळे मजले कान टवकारतात. ज्यांनी काही मागवलेलं नाही, तेही डोकावतात.

चढावरच्या गल्लीत एक जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावरच्या बाईंचा भाचा बेकार होता. तो दिवसभर जिन्याच्या वळणावर उभा असायचा. आधी नुसता बघायचा. मग वाट अडवून "आमचं काही आहे का?" विचारायचा. एके दिवशी त्याने काकूंचं मनगट धरलं.

"एवढी कसली घाई?"

काकूंच्या तोंडून शब्द निघाला, "सॉरी."

वर कुठेतरी दार वाजलं. त्याने हसत मनगट सोडलं. घडलं ते एवढंच. कचेरीतले साहेब म्हणाले, "तक्रार करू या, पण लिहायचं काय? हात धरला आणि सोडला?"

काकूंना मनगटाचं इतकं लागलं नाही. सॉरी लागलं. घरी येऊन त्या बसेनात. ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. नवरा बोटीवर, महिनोन्‌महिने समुद्रात. ऐकायला एक दीर.

"सॉरी कशाबद्दल म्हणाले मी? माझं मनगट त्याच्या हातात आलं म्हणून?"

"वहिनी, बसा तरी."

"बसून काय होणार?"

तेव्हापासून शोध सुरू झाला. मनगट सोडवून देईल अशी एक गोष्ट त्यांना हवी होती. जिन्यात चालेल अशी. वय चाळिशीला टेकलेलं असताना जमेल अशी.

कचेरीने एक दिवसाचं शिबिर ठेवलं. गळ्यात शिट्टी घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी पडद्यावर हल्लेखोराचे तीन नाजूक भाग दाखवले. हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणि ते दोघं असले तर?" गृहस्थ म्हणाले, "तर सहा भाग." किल्ली मुठीत धरून डोळ्यात खुपसायची, असंही ते म्हणाले. काकूंनी घरी किल्ली मुठीत धरून दाराच्या चौकटीवर मारून पाहिली. किल्ली वाकली. ते बघून दीर त्या रात्री बाहेरच्या बाहेर राहिला.

मग त्या कराटेच्या वर्गात गेल्या. पांढरे कपडे, सरळ रांगा, एकसुरात आरोळी. हवेत ठोसे छान बसत. समोर माणूस उभा केला की मात्र ठोसा त्याच्या नाकापासून बोटभर अलीकडे थांबवायचा. काकूंनी विचारलं, "थांबवायचंच आहे तर मारायचा कशाला?" उत्तर मिळालं, पण पटलं नाही. बॉक्सिंग त्यांना आवडलं. तिथे खरंच लागायचं. पण पंधरवड्यात हात सुजला आणि पार्सलाची दोरी सुटेना. शिवाय जिन्यात ग्लोव्ह कोण चढवणार?

शेवटी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मास्तर भेटले. गडी ठेंगणा, कान चुरगळलेले. ज्युजित्सू शिकवायचे. काकू दारात उभं राहून बघत राहिल्या. गादीवर सगळेच एकमेकांना धरून होते. मनगट, कॉलर, मान, पाय.

"इथे धरतात," काकू म्हणाल्या.

"इथे धरल्यावरच सुरुवात होते," मास्तर म्हणाले. "या आत. चपला बाहेर."

वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पहिल्याच दिवशी कुणीतरी "काकू, जपून" म्हणालं आणि तेच नाव पडलं. जोडीला एक हडकुळी मुलगी मिळाली. साहित्य शिकलेली, छापखान्यात मुद्रितं तपासायची. फळ्यावरच्या चुकाही सुधारायची, म्हणून तिला सगळे व्याकरण म्हणत.

भिंतीवर तेलरंगात एकच नियम होता: थाप पडली की सोडायचं. समोरच्याची पकड असह्य झाली की त्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची. थाप पडली की त्याने तत्क्षणी सोडायचं. विचार करायचा नाही. "विचार केलात तर कोपर मोडेल," मास्तर सांगत. मग हसत. "जगात थापा मारणारे अडकतात. इथे थापा मारणारेच सुटतात."

काकू रमल्या असं नाही म्हणता येणार. त्यांना रमायला सवड नव्हती. पण त्या रोज यायच्या. व्याकरणने मनगट धरायचं, काकूंनी फिरायचं, कोपर दाबून तिला खाली घ्यायचं. व्याकरणने थाप मारायची, काकूंनी सोडायचं, विचारायचं, "लागलं का?" पुन्हा पहिल्यापासून. हिवाळा गेला, उन्हाळा आला. हात शहाणे झाले. कुणी धरलं की डोक्याआधी तेच हलायचे.

चढावरची गल्ली काकूंनी सोडली नव्हती. तो उभा असला की तळाशीच थांबायचं, कुणीतरी खाली उतरेपर्यंत. पार्सलं उशिरा जायची, बोलणी बसायची. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरचं पार्सल होतं, जिना मोकळा दिसला, त्या चढल्या. वळणावर तो होता.

"आज सॉरी नाही म्हणायचं?"

आणि त्याने मनगट धरलं.

पुढचं सगळं गादीवर व्हायचं तसं झालं. काकू फिरल्या. कोपर दाबलं. धिप्पाड माणूस गुडघ्यावर आला, मग गाल पायरीवर. त्याचा हात पाठीवर वळलेला, काकूंच्या दोन्ही हातांत घट्ट. तो शिव्या देत होता, धडपडत होता. त्या धडपडीत त्याचा मोकळा हात काकूंच्या मांडीवर आपटला. थप. थप.

काकूंनी सोडलं.

आणि विचारलं, "लागलं का?"

तो क्षणभर बघतच राहिला. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी कधी विचारला नसावा. मग तो उठला आणि त्याने काकूंना दोन्ही हातांनी ढकललं. खांदा लोखंडी कठड्यावर आदळला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. तो पुन्हा आला. काकूंनी तोंड उघडलं. वाचवा, धावा, मदत, कराटेवाली आरोळी, त्यातलं काहीही आलं नाही. छातीतून निघाली ती दिवसातून शंभरदा निघणारी हाक.

"पार्सल!"

दारं उघडली. सगळ्या मजल्यांवर. कठड्यावरून डोकी आली, एक साबण लावलेलं, एक झोपेतलं.

"कोणाचं?"

"आमचं का हो? मिक्सरचं भांडं यायचंय."

"ओटीपी सांगू का?"

त्याचा उगारलेला हात तसाच राहिला. एवढ्या लोकांसमोर त्याला तो खाली घेता येईना आणि मारताही येईना. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत उतरू लागले आणि त्यांनी सावकाश विचारलं, "हात वर का केलाय?" तेव्हा कुठे तो जिना उतरून पळाला.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. या वेळी तक्रार लिहायला पुष्कळ होतं. पोलीस आले, भाचा मावशीकडून नाहीसा झाला. कचेरीने काकूंना काउंटरवर बसवलं आणि ती गल्ली एका नव्या मुलीला दिली. ओटीपीचा किस्सा सगळीकडे पसरला. दीर घरी आल्यावर दारातूनच ओरडायचा, "पार्सल! घाबरू नका, मीच आहे." सगळे हसत. काकूही हसत, पण उठून खिडकीपाशी जाऊन.

खांद्याचा पट्टा निघाला त्या संध्याकाळी त्या हॉलवर आल्या. मास्तरांनी पाठ थोपटायला हात उचलला आणि आवरता घेतला.

"पकड एक नंबर होती, काकू."

"मी सोडलं, मास्तर."

"तुम्ही शिकवलेलं केलंत."

"तेच म्हणते मी."

व्याकरण कोपऱ्यात उभी होती. तिने आपला तळहात उलटा करून पाहिला. त्या थापा तिच्या होत्या. हिवाळाभराच्या.

मग दोघींनी उलटा सराव सुरू केला. व्याकरणने थाप मारायची, काकूंनी सोडायचं नाही. ती तोंडाने "सोडा" म्हणेल तेव्हाच सोडायचं. थाप पडायची आणि काकूंची बोटं उघडायची.

"काकू, सोडू नका ना."

"मला काय सांगतेस? यांना सांग." आणि हात पुढे करायच्या, जणू कुणा दुसऱ्याचे.

पुन्हा, पुन्हा. पाणी प्यायलाही थांबायच्या नाहीत. एके दिवशी मात्र बोटं उघडली नाहीत. थाप पडली, पकड आवळलीच. व्याकरण किंचाळली. काकू दचकून मागे सरल्या, पांढऱ्याफटक.

"जमलं," व्याकरण कोपर चोळत म्हणाली.

"काय जमलं? कोपर दाखव आधी. मोडलं असतं." त्या उठून फेऱ्या मारू लागल्या. "सोडणारे हात घेऊन त्या जिन्यात कशी जाऊ? आणि न सोडणाऱ्या हातांना इथे जोडीला कोण येईल?"

सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी रंगाचा डबा आणला. भिंतीवरचा नियम फिका पडला होता. "काकू, तुमचं अक्षर चांगलं आहे. तो गडद करा. आणि खाली रस्त्याचा नियम लिहा. नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून दोन्ही कळू देत."

काकू शिडीवर चढल्या. जुना नियम गडद केला. दीर आला होता शिडी धरायला.

"लिहा, रस्त्यावर सोडू नका," मास्तर म्हणाले. "विषय संपला."

"रस्त्यावर आधी पळा," व्याकरण म्हणाली.

"रस्त्यावर पार्सल म्हणा," दीर म्हणाला.

"भाऊजी, शिडी धरा नीट." काकूंनी ब्रश बुडवला. "सोडू नका कसं लिहू? धरून बसलं आणि त्याचा दोस्त वरून उतरला तर? पळा म्हणावं, तर जिन्यात पळणार कुठे? लिहिते. लिहिता लिहिता सुचेल."

त्यांनी पहिला शब्द काढला. रस्त्यावर. अक्षरं ठसठशीत. शिरोरेषा सवयीप्रमाणे शेवटी ओढायची होती. ब्रश पुन्हा बुडवायला वळल्या तेवढ्यात फोन वाजला. नवी मुलगी होती. आवाज इतका बारीक की काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, तो परत आलाय. जिन्यात उभा आहे. पार्सल तिसऱ्या मजल्याचं आहे."

"तू कुठे आहेस?"

"खाली. दारात."

"वर चढू नकोस. तिथेच राहा, रस्ता पाठीशी ठेव. आणि हाक दे."

"कसली हाक?"

"पार्सल म्हण. जोरात."

"कोणाचं म्हणून सांगू?"

"सगळ्यांचं," काकू म्हणाल्या आणि शिडीवरून उतरल्या. ब्रश डब्यात टाकला. पाय बुटांत सरकवले. दीर "वहिनी, खांदा!" म्हणेपर्यंत स्कूटर सुरू झाली होती. शिडीवरच राहिलेल्या चालू फोनमधून एक हाक ऐकू आली. आधी कापरी. दुसरी जरा मोठी. मग दारं वाजू लागली.

त्या पोचल्या तेव्हा नवी मुलगी पायरीवर बसून कुणीतरी दिलेला चहा पीत होती. भोवती अर्धी इमारत, आपापल्या पार्सलाची चौकशी करत. तो नव्हता. काकूंनी तिच्या हातातलं पार्सल घेतलं आणि एकट्या जिना चढल्या. वळणावर थांबल्या. दोन्ही हात बघितले. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन सही घेतली.

काउंटरची खुर्ची त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडली. ती गल्ली आता त्यांच्याकडे आहे, आणि गेला आठवडाभर नवी मुलगी त्यांच्यामागून जिने चढून हाक द्यायला शिकते आहे. संध्याकाळी काकू हॉलवर येतात. थाप पडली की सोडतात. "लागलं का?" विचारतात. मग फेऱ्या मारतात.

नवी पोरं भिंत वाचून विचारतात, "रस्त्यावर काय?" मास्तर काकूंकडे बोट करतात. "लिहायचंय," काकू म्हणतात, आणि घड्याळ बघून निघतात.

डब्यातल्या रंगावर साय धरली आहे. ब्रश तिच्यात उभाच्या उभा घट्ट झाला आहे. भिंतीवर तो एकच शब्द आहे, त्यावर अजून शिरोरेषा नाही.