चाचांनी उपटलेली जलपर्णी

"बिटिया किड्यांशी बोलते, आपल्याशी नाही," काठावरच्या चुलीवर चहा ठेवत चाची पाण्यात उभ्या असलेल्या चाचांना म्हणाली. मी स्कूटी लावत होते. ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

बख्शी का तालाब या गावाच्या पुढचं ते तळं चाचांनी शिंगाड्यासाठी घेतलं होतं, पण जलपर्णीने इतकं भरलं होतं की पाणी दिसायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेने वर्षभरापूर्वी त्यात बारीक सोंडेचे किडे सोडले. ते जलपर्णी खातात, शिंगाड्याला तोंड लावत नाहीत. पावसाळ्याआधी तळं मोकळं झालं तरच चाचांना वेल लावता येणार होती. दर आठवड्याला जाऊन किती पानं कुरतडली हे लिहून आणणं माझं काम. आई नातेवाइकांना "रिसर्च करते" एवढंच सांगायची. तेव्हा मला स्थळं बघत होते आणि किड्यांचा विषय तिला नको होता.

चाचा कमरेएवढ्या पाण्यातून रोपं उपटून काठावर फेकत होते. गुडघाभर ढीग झाला होता.

"परवा तुझे साहेब येणार ना, म्हणून रोगट तेवढी काढतोय," ते खुशीत म्हणाले. "हिरवीगार ठेवलीत. कसं दिसतंय?"

मी ढिगातलं एक रोप उचललं. देठ मोडला तर आत पांढरी अळी. दुसरा मोडला, त्यातही. मुळांना कोष चिकटलेले. वर्षभरात वाढलेले आमचे किडे त्या ढिगात उन्हात वाळत होते. पाण्यात उरली होती ती त्यांनी न शिवलेली, टवटवीत जलपर्णी. ती महिन्याभरात पुन्हा तळं भरून टाकणार होती.

चाचीने माझ्या हातात चहा दिला. "सकाळपासून पाण्यात आहेत. घरातलं एक काम सांगितलं की यांची कंबर दुखते."

चाचा हसले आणि आणखी एक रोप फेकलं. ते माझ्या चपलेवर पडलं. इतक्या हौसेने चाललेलं काम मी कसं थांबवणार? साहेबांना फोन करावा, त्यांनीच सांगावं, असं वाटलं. फोन काढलाही. तेवढ्यात चाचांनी पुढच्या रोपाला हात घातला.

"चाचा, थांबा," मी म्हणाले. "रोगट आहेत तीच आपल्या कामाची. सगळी परत पाण्यात टाकू या, मीही उतरते."