कोणाला शिकवलंत?

आमचे सर कोणालाही त्याचं शिक्षण विचारत नसत. विचारत ते एवढंच, "तुम्ही कोणाला काय शिकवलंत?" आणि उत्तर येईपर्यंत चष्मा पुसत बसत.

नातवंडांनो, दादरच्या ज्या संशोधन कचेरीत मी नोकरी केली, तिथले हे माझे वरिष्ठ. देशाच्या डोक्यांत आणि हातांत किती ज्ञान साठलंय ते मोजायचं, म्हणजे विकासाच्या योजना त्यावर आखता येतील, असं आमचं काम. वरून आलेली मोजपट्टी सोपी होती : शाळेची वर्षं.

गिरण्यांच्या संपानंतर ती पट्टी घेऊन आम्ही भोईवाड्यातल्या चाळींत गेलो. शिक्षण विचारलं की माणसं जमिनीकडे बघत. गिरणी बंद पडलेले विणकर सावंतमामा "चौथी. लिवा नि जावा," म्हणून दार लोटू लागले. सरांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "आणि मागावर कोणाला उभं केलंत?"

दार अर्ध्यावर थांबलं. धाकटा भाऊ, मेव्हणा, गावाहून आलेली पोरं... मामा आठवून आठवून सांगू लागले. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "आणि आमच्या ह्यांना विसरलात होय?" मग चहा आला.

सरांनी अहवालात या प्रश्नाचं वेगळं प्रकरण केलं. अशा कारागिरांना सरकारी प्रशिक्षण वर्गांवर शिक्षक म्हणून नेमावं, ही शिफारस त्यातच होती. वरच्या कचेरीतले साहेब म्हणाले, जे मोजता येत नाही ते ज्ञानाचं भांडवल नव्हे, प्रकरण काढा. ते निघालं असतं तर मामा कागदावर चौथी पासच राहिले असते.

सर वाद घालत नसत. चष्मा पुसत त्यांनी साहेबांनाही तोच प्रश्न विचारला. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग जरा लाजून म्हणाले, बायकोला सायकल. तिने पुढे बहिणींना शिकवली, बहिणींनी त्यांच्या मुलींना. बोलता बोलता ते बोटांवर नावं मोजू लागले.

"बाई, लिहून घ्या," सर मला म्हणाले, "मोजता येतंय."

साहेब हसले आणि प्रकरण राहिलं. जिना उतरताना मी हुश्श केलं. पुढे शिफारस मान्य होऊन सावंतमामा वर्गावर रुजू झाले तेव्हा सर स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले होते.

फणसवाडीतल्या आपल्या घरी सर वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. अनया, फोनवर तुमचे चेहरे कसे बघायचे ते तू मला पुन्हा पुन्हा, न चिडता शिकवलंस. काल मी ते शेजारच्या काकूंना शिकवलं. त्यांना त्यांचा नातू दिसला. सर असते तर चष्मा घालून म्हणाले असते, बाई, लिहून घ्या.