दोन शिंका, एक ठसका

करोनात आईचं नाक गेलं. बाकी तब्येत ठणठणीत, फक्त कशाचाच वास येईना. तिची शेंगाचटणी तर सगळी नाकावर चालायची. उखळात शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट कुटताना ती कधी चाखून बघत नसे. मनासारखा वास आला की हात थांबायचा. "आता मला अंदाजच येईना," म्हणत ती चक्क रडली. मलाही फार वाईट वाटलं.

पण गप्प बसेल तर ती आई कसली! तिनं आमची नाकं कामाला लावली. वडील उखळाशेजारी, मी समोर आणि भिंतीपलीकडच्या काकू त्यांच्याच घरात. वडिलांची शिंक, काकूंचा ठसका आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी, सगळं मिळून चटणीचा तिखटपणा ठरायचा. आता शिंक आणि ठसका एकाच तराजूत कसे घालायचे? तेही आईनं ठरवलं. वडील पंख्याच्या वाऱ्यानंही शिंकतात, म्हणून त्यांच्या दोन शिंका म्हणजे काकूंचा एक ठसका. माझे डोळे निबर, त्यांना पाणी आलं की थेट दोन ठसके. एकूण पाच ठसके भरले की तिखट घालणं बंद.

हे यंत्र झकास चाललं होतं. मग वडिलांना सर्दी झाली आणि त्यांनी ती लपवली, कारण उखळातला पहिला घास शेजारी बसणाऱ्याला मिळायचा. पाच ठसके हां हां म्हणता भरले. डबा मोहोळला धाकट्या चुलत्यांकडे गेला आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, तिखट घालायचं राह्यलं व्हय?"

आईनं उखळ पलंगाखाली ढकललं. "आता इकत आणून खावा."

मला काही राहवेना. रविवारी मीच उखळ बाहेर काढलं, वडिलांना शेजारी बसवलं आणि तव्यात जिरं टाकलं. आई बाहेरच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होती. मी वडिलांच्या शिंकेची वाट बघत बसले आणि तव्याकडे दुर्लक्ष झालं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"अगं, जिरं करपतंय की! नाक हाय का न्हाय तुला?"

वडिलांची शिंक अर्ध्यातच राहिली. मी गॅस बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

"करपू दे गं," ते हळूच म्हणाले. "अजून एकदा वरडू दे तिला."