तिसऱ्या वर्षाचं जावळ

माझा देवावर विश्वास आहे का, असं मला त्या दिवसांत कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की आहे, पण सध्या आमचं बोलणं बंद आहे. मी परभणीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. जूनमध्ये रडत आलेल्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या पोरांना दिवाळीपर्यंत बोलकं करणारी बाई म्हणून गावात माझं नाव आहे. आणि माझ्याच घरात दोन वर्षं उलटलेलं लेकरू, नाव ओंकार, त्याच्या तोंडातून साधा ‘ओ’ निघत नव्हता. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हणायचे, ही चेष्टा करायला तुला दुसरं घर मिळालं नाही का? मग घाईघाईने हात जोडून शाळेची बस गाठायचे.

बाकी सगळं वेळेवर झालं होतं. ओंकार, आमचा ओमी, वेळेवर पालथा पडला, वेळेवर चालायला लागला, दातही वेळेवर आले. प्रत्येक गोष्टीचा फोटो माझ्या नवऱ्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि प्रत्येक फोटोखाली हार-फुलांच्या चित्रांची रास पडली. पहिला शब्द तेवढा राहिला, आणि त्यावर मात्र चित्रं न धाडता सगळ्यांनी सल्ले धाडले. कुणी जिभेला मधात वेखंड उगाळून लावायला सांगितलं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू शोधायला लावलं. माझा नवरा कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. आपण स्वतः साडेतीन वर्षांपर्यंत बोललो नव्हतो, हे तो अभिमानाने सांगायचा. त्यानंतरही तो फारसं बोललेला नाही, तो भाग वेगळा. आणि ऐकू येत नसेल अशी शंका कुणी काढली, की सगळे एका सुरात सांगायचे की कुकरची शिट्टी झाली की पोरगं दचकतं, मग कान कसे वाईट असतील?

या सगळ्यात माझ्या सासूबाईंचा आवाज. मी नोकरीवर पुन्हा रुजू झाले तेव्हा लेकराला सांभाळायला त्या वालूरहून आमच्याकडे राहायला आल्या. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारण्यात त्यांचा जन्म गेलेला. आमच्या दोन खोल्यांत तो आवाज मावायचा नाही. लेकराला मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडाला तोंड लावून त्या दिवसभर बोलायच्या. हे न्हाई खायचं, तिकडं न्हाई जायचं, आता न्हाई मारनार तुला. मला दोन गोष्टींचा त्रास व्हायचा, एक त्या ओरडण्याचा आणि दुसरा त्या ‘न्हाई’चा. बालमानसशास्त्राचं पुस्तक वाचून मी ठरवलं होतं, की लेकराशी हळू, गोड, शुद्ध बोलायचं. मी एक-दोनदा सासूबाईंना सांगूनही पाहिलं की त्याच्यासमोर ‘न्हाई’ नको, ‘नाही’ म्हणत जा. त्या म्हणाल्या, “मी न्हाई म्हनलं तर त्याला कळना का?” मी मान डोलावली, पण मनातून चिडले ती चिडलेच.

त्यात जावळाचं त्रांगडं. आमच्या घराण्याची जावळं गंगाखेडला निघतात, गंगेच्या घाटावर. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. लेकराला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे आणि वाहून द्यायचे, एवढाच तो विधी. पण मामा हवा, त्याला दुसरा पर्याय नाही. आणि ओमीचा मामा, म्हणजे माझा पिंगळीचा धाकटा भाऊ, रुसून बसला होता. कारण काय, तर बारशाचा फ्लेक्स. माझ्या नवऱ्याने बारशाला चौकात मोठा फ्लेक्स लावला, त्यावर शुभेच्छुक म्हणून चुलते, मावसे, कॉलेजातले शिपाईमामा, सगळ्यांचे फोटो छापले आणि लेकराच्या सख्ख्या मामाचा फोटो विसरला. शिपाईमामा चालतात आणि सख्खा मामा चालत नाही, यावर भावाने जेवणाचं ताट सोडलं. वर्षभर त्याचा रुसवा निघाला नाही. वर्षाच्या आत जावळ हुकलं. दुसऱ्या वर्षी काढत नाहीत, विषम वर्ष लागतं. म्हणून थांबा तिसरं लागेपर्यंत. तोवर केस वाढून कान झाकले गेले, सासूबाई दोन वेण्या घालायच्या आणि रस्त्यावर प्रत्येक माणूस विचारायचा की मुलीचं नाव काय.

आता एक गोष्ट कबूल करते, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. दीड वर्षाची लस द्यायला मी एकटीच घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी ओमीला दोन-तीन हाका मारून पाहिल्या आणि कानांची तपासणी करून घ्या अशी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि ती आठ-नऊ महिने तिथेच राहिली. सासूबाईंनी गंगाखेडच्या घाटावरच्या महादेवाला नवस बोलला होता, की लेकरू बोललं तर घंटा वाहीन. त्या नवसाला मी मनातल्या मनात हसत होते. शिकलेल्या घरात हे काय, असं नवऱ्याला ऐकवतही होते. आणि शिकलेली मी, शाळेत पालकांना बोलावून मुलांच्या तपासण्या करून घ्या म्हणून दटावणारी मी, ती चिठ्ठी उघडायला घाबरत होते. तपासणीत जे निघेल ते एकदा निघालं की परत आत जाणार नाही, एवढीच माझी भीती होती. कुकरची शिट्टी झाली की मी सगळ्यांच्या आधी ओमीकडे बघायचे, आणि तो दचकला की तेवढ्यावर आणखी एक आठवडा काढायचे.

शेवटी सासूबाईंनीच माझ्या भावाला फोन लावला. त्यांच्या आवाजात माफी मागितली तरी ती दम दिल्यासारखीच वाटते, पण भाऊ नरमला. मार्गशीर्षातला एक रविवार ठरला. आम्ही सकाळी एसटीने गंगाखेडला पोचलो, घाटावर उतरलो, पूजेचं ताट मांडलं. ठरवलेला न्हावी मशीन घेऊन हजर होता. हजर नव्हता तो मामा. अर्ध्या तासाने फोन लागला तेव्हा कळलं, की मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली आहे. न्हाव्याला पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. तो थांबला थांबला आणि हात जोडून निघून गेला. ओमीने ताटातली हळद स्वतःला आणि मला फासली, नवा अंगरखा भिजवला, दोनदा गंगेकडे धूम ठोकली. नवरा नेहमीप्रमाणे काहीही न बोलता सावलीत उभा होता. अकराच्या पुढे मामा घामाघूम होऊन आला, तेव्हा मी घाटाच्या पायरीवर बसून महादेवाच्या देवळाकडे बघत म्हणाले, पुरे आता. तुला नकोच असेल हे जावळ, तर तसं सांग, आम्ही घरी जातो.

न्हावी शोधायला भाऊ घाटावर फिरला, पण सगळे कामात गुंतलेले. वरच्या पायरीवर धोतरातले एक म्हातारे गृहस्थ आपलं सामान फडक्यात बांधत होते. त्यांनी आधी नकोच म्हटलं. मग वेण्या घातलेलं, हळदीने माखलेलं आमचं ध्यान पाहून हसले आणि फडकं पुन्हा सोडलं. त्यांच्याजवळ मशीन नव्हतं, कात्री आणि वस्तरा. ओमीला मामाच्या मांडीवर बसवलं, जावळ जमिनीवर पडू नये म्हणून सासूबाईंनी पुढे पदर पसरला. लेकरू रडून आकांत करणार म्हणून आम्ही चौघंही सावरून बसलो.

म्हाताऱ्यांनी वेण्या सोडल्या, केस मागे सारून कान मोकळा केला आणि कानाजवळ कात्री नुसतीच वाजवली. कच्, कच्, कच्. मग थांबले. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही वाजवली. पुन्हा पहिल्या बाजूला आले. ओमी समोर सासूबाईंच्या पदराशी खेळत होता. मला वाटलं, आता हे काय नवीन, उन्हं डोक्यावर आली आहेत, काढा ना एकदाचे केस. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, “माय, लेकराला आयकू येतंय का?”

सासूबाईंनी लगेच कुकरच्या शिट्टीचं सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली.

“शिट्टीचं न्हाई म्हनत मी. समदं आयुष्य असंच जावळं काढायलोय. कात्री वाजली की लेकरू तिकडं वळून बघतंय, तवर मी दुसऱ्या अंगाचं काढून घेतो. रडनारं लेकरू बी बघतंय. हे काई बघना गेलंय, दोनी अंगाला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “देवाचं देवाला झालं. आता डाक्टरला दाखव, माय. उशीर नको करू.”

त्यांनी मग सगळं जावळ हलक्या हाताने काढलं, ओमी एकदाही रडला नाही, आणि त्याचं न रडणं मला त्या क्षणी सहन होईना. कित्येक महिन्यांनी त्याचे कान मला उघडे दिसले. लहान, गोरे, अगदी व्यवस्थित दिसणारे कान. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या हातात दिली. त्याने तारीख वाचली. तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, “उद्या जाऊ.” मी तिथेच रडले, गंगेच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हळदीच्या हातांनी डोळे पुसत.

ओमीच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलं होतं. सारखी सर्दी होत होती, त्याचं. डॉक्टरांनी समजावलं, की मोठे आवाज पोचतात, पण साधं बोलणं पोचत नाही. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू यावं तसं त्याला सगळं ऐकू येतं आहे. दीड-दोन महिने औषधं झाली. पाणी उतरलं नाही तेव्हा नांदेडला छोटं ऑपरेशन करून कानांच्या पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. शुद्धीवर येऊन घरी आल्यावर तो पहिल्यांदा पंख्याकडे बघत बसला. आमचा पंखा कुरकुरतो, हे त्याला अडीच वर्षांच्या आसपास कळलं.

आणि मग महिन्याभराने पहिला शब्द. मी दुधाचा पेला त्याच्या तोंडाशी धरला होता, माझ्या त्या हळू, गोड, शुद्ध आवाजात आर्जव चाललं होतं. ओमीने पेला ढकलला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत म्हणाला, “न्हाई!” दूध फरशीवर, मी फरशीवर, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर. दोन वर्षं मी ‘आई’ची वाट बघत होते. पुस्तकात बघून मी हळू बोलत राहिले, आणि त्या सगळ्या काळात पाण्याच्या त्या भिंतीतून पार पोचला तो एकच आवाज, जो मला नको होता. मी ज्याच्यावर चिडत होते, त्याच आवाजाने माझ्या लेकराला माणसांच्या जगात धरून ठेवलं होतं. मी सासूबाईंच्या पाया पडले. त्या गोंधळल्या, दुधात पाय घसरेल म्हणून माझ्यावर ओरडल्या. नवरा दारात उभा राहून बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, “न्हाईत आई हायच की.” लग्नानंतर त्याने माझ्याशी केलेला हा पहिला विनोद.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घंटा घेऊन गंगाखेडला गेलो. यावेळी मामा सगळ्यांच्या आधी हजर होता. त्या म्हाताऱ्यांसाठी मी उपरणं आणि पेढे नेले होते. घाटावरच्या न्हाव्यांकडे चौकशी केली, तर कळलं की ते म्हातारे इथे बसत नाहीत, त्या दिवशी आपल्या नातवाच्या जावळाला आले होते, काम आटपून निघालेच होते. गाव कुठलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी उपरणं तिथल्या एका न्हाव्याकडे ठेवून आले, भेटले तर द्या म्हणून. फोटो विसरला नसता, तर जावळ वर्षाच्या आत उरकलं असतं. चाक पंक्चर झालं नसतं, तर मशीनच्या घरघरीत कात्री वाजलीच नसती. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. जिथे जिथे माझं अडलं म्हणून मी देवावर खेकसले, तिथे तिथे मला थांबवून ठेवलं होतं, एवढं मला आता दिसतं. चिठ्ठी लपवली ती मी, आणि ती बाहेर काढवून घेतली ती त्याने.

नवऱ्याने साखळी ओढून घंटा अडकवली. ओमी त्याच्या खांद्यावर होता. सासूबाईंनी त्याचा हात धरून टोल द्यायला लावला. देवळाचा गाभारा लहान, आवाज मोठा. ओमीने दोन्ही हात उचलले, दोन्ही कानांवर घट्ट दाबले आणि डोळे मिटून ओरडला, “न्हाई! न्हाई!” पुजारी म्हणाले, लेकराला आवडली नाही वाटतं घंटा. मी त्याच्या त्या दोन हातांकडे बघत राहिले, एक या कानावर, एक त्या कानावर.