पिंक म्हणजे गुलाबी नव्हे

सरांनी नेव्ही ब्लू जॅकेट उलटं करून टेबलावर पसरलं. आतल्या प्रत्येक शिवणीच्या कडेला गुलाबी पट्टी होती. अशी बारा सॅम्पल्स परदेशी बायरकडे पोचली होती, आणि हा रंग कुणी सांगितला, असं विचारणारा त्याचा मेल आला होता.

मी अंधेरीतल्या एका गारमेंट एक्स्पोर्ट कंपनीत सॅम्पलिंग बघायचे. ऑर्डर पक्की होण्याआधी नमुन्याचे कपडे शिवून द्यायचे, हे माझं काम. कपडा कसा शिवायचा ते बायर लिहून पाठवतो, त्याला टेक पॅक म्हणतात. त्यात होतं, 'पिंक ऑल सीम एजेस'. बायरशी बोलणं प्रणालीकडे, आमच्या नव्या मर्चंडायझरकडे. तिने सगळ्या कडांना गुलाबी पट्टी लावून घेतली.

"इंग्लिश येत नाही, तर हिला ठेवायचं कशाला, मॅडम?" सरांनी मला विचारलं. प्रणाली समोरच उभी होती. गोवंडीची मुलगी, तिच्या घरातली ऑफिसात लागलेली पहिलीच.

गप्प बसणं सोपं होतं. पण त्या कागदावर माझीही सही होती.

"सर, मी पण वाचलं होतं. मलाही गुलाबीच वाटलं."

सर उठून केबिनमध्ये गेले. आम्ही दोघी फोनवर डिक्शनरी उघडून बसलो. पिंक हे क्रियापदही निघालं. धागे सुटू नयेत म्हणून कापडाची कड नागमोडी कातरणं. त्याची कात्री आमच्याकडे रोज चालायची, पण तिला सगळे झिगझॅग कात्रीच म्हणायचे.

खाली शब्दाचा इतिहास होता. पिंक हे आधी एका फुलाचं नाव. नर्सरीत डायँथस मिळतो, त्याच जातीचं. पाकळ्यांच्या कडा कातरल्यासारख्या, त्यावरूनच बहुधा ते नाव पडलं. मग फुलावरून रंगाला. आपण गुलाबावरून गुलाबी म्हणतो, तसंच.

प्रणालीने ते दोनदा वाचलं. "म्हणजे रंग सगळ्यात शेवटी आला," ती हळूच म्हणाली.

मेल तिनेच लिहिला. शब्द चुकीचा वाचला, नवी सॅम्पल्स पाठवतो, एवढंच. बायरने ती पास केली. प्रणालीची नोकरी टिकली, पण तो बायर सरांनी तिच्याकडून काढून घेतला. तिला ते लागलं. मलाही.

अडलेला शब्द माणूस विचारतो, ओळखीचा कुणी विचारत नाही. रिटायर होईपर्यंत मी टेक पॅकमधल्या सोप्या शब्दांखालीच पेन्सिलने रेघ मारत राहिले.