डब्यातली हवा

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते लातूरच्या दवाखान्यात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. खोलीत शिरताच माझी नजर आधी त्यांच्या पायाकडे गेली. अप्पांचा उजवा पाय कधी स्थिर नसायचा. दुकानाच्या गल्ल्यावर, पंगतीत, अगदी देवळात बसले तरी तो हलत राहायचा; शेजारी बसणाऱ्याला बाकासकट हलायची सवय करून घ्यावी लागे. त्या दिवशी चादरीबाहेर आलेला तो पाय गप्प होता. "आज शांत झोप लागलीय बघा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मी मान हलवली. पण घरी आल्यावर मला एका जागी बसवेना... सकाळी वहिनींचा फोन आला, तेव्हा तो उचलण्याआधीच मला कळलं होतं.

मन्मथअप्पा माझे थोरले मावसभाऊ. रेणापूरला त्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझे वडील नव्या कचेरीत कारकून म्हणून बदलून आले. आमच्या वाट्याला भाड्याच्या दोन खोल्या आणि मनाला येईल तेव्हा येणारा नळ आला. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आई मला रेणापूरला मावशीकडे धाडायची. तिथे अप्पांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचं झाकण कथलाचा डाग देऊन पक्कं बंद केलं, तो डबा दोरीनं माझ्या पाठीला बांधला आणि मला मळ्यातल्या विहिरीत ढकलून दिलं. आमच्याकडे पोहणं असंच शिकवतात. वरून ओरडत होते, "दम धर सुभ्या, दम सोडू नको!" स्वतः मुटका मारून तळाला जायचे आणि पुरावा म्हणून मूठभर गाळ घेऊन वर यायचे. "खाली लई निवांत वाटतं रं," ते म्हणायचे, "पर बघायला टाइम कुठं मिळतो? दम संपतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही, आणि मी हिशेब ठेवणारा माणूस आहे.

मग ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ती विहीर प्रथमच कोरडी पडली. अप्पा कपारी धरत खाली उतरले. पायात चपला होत्या. तळाशी भेगाळलेला गाळ, फुटका रांजण, काळा पडलेला एक तांब्या. वर आले ते सरळ दुकानाकडे निघाले. दुकानात पोचल्यावर पाय हलवत म्हणाले, "तळ असा बघायचा नसतो. वर पाणी पायजे... पाण्यातून बघायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं." पुढे पाऊस झाला, विहिरीत थोडं पाणीही आलं, पण अप्पांचं चित्त ठिकाणावर आलं नाही. गिऱ्हाईक समोर असताना उठून मळ्यात जायचे, वाकून बघायचे, परत यायचे.

दोनेक वर्षांनी आम्ही चौघं अंदमानला गेलो. अप्पा, वहिनी, मी आणि माझी पत्नी सुनंदा. एका बेटावर धक्क्याजवळच फलक होता : समुद्राच्या तळाशी, पाठीवर टाकी बांधलेला माणूस. अप्पा जे थबकले ते हलेनात. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "खाली कितना टाइम रह सकते?" ती म्हणाली, "आधा घंटा, अंकल." किती खोल, ते मी विचारलं. बारा मीटर. मी मनात माणसाच्या उंचीनं भागाकार केला. "अप्पा, सात परस. आपली विहीर काठोकाठ भरली तर जेवढी खोल, तेवढं." वहिनी मागून म्हणाल्या, "सून आणायच्या वयात हे काय सोंग? हिरीनं सोडलं म्हणून आता समुद्राला तरास देता का?" पण अप्पांनी तोवर डॉक्टरकडून तब्येतही तपासून घेतली होती, आणि सोबतीला माझीही.

सराव कमरेएवढ्या पाण्यात. नळी तोंडात धरायची आणि श्वास घेत राहायचं, सोडत राहायचं, एवढंच. मी सांगितलं तसं केलं आणि मला जमलं. अप्पांनी नळी चावली, डोकं पाण्याखाली घातलं आणि जन्मभराच्या सवयीनं दम कोंडला. बुडबुडे येईनात. मुलीनं घाबरून खांदा हलवला, तर यांना वाटलं शाबासकी देते आहे, बाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलास किती येळ ऱ्हायलो?" मुलीनं हात जोडले. "साँस मत रोकना, अंकल." तिनं समजावलं : दम कोंडून वर आलात तर छातीतली हवा फुगते, फुप्फुस फाटतं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. पाणी चेहऱ्याला लागलं की दम आपोआप धरला जाई. शेवटी तिनं खाली न्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा बघू म्हणाली. दुपारी आमची बोट होती.

त्या संध्याकाळी अप्पा वाळूत नुसते येरझारा घालत होते. "तूच रं शिष्य, अन् तुलाच जमलं," एवढंच मला म्हणाले. त्यात चेष्टा होती, पण आवाज पडलेला होता. वहिनींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज शिवपाठ म्हणता, तवा दम कोंडता का? मनात म्हणत ऱ्हावा की. एक ओळ आत, एक ओळ भाईर."

सकाळी वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बघत होत्या. अप्पांनी डोकं खाली घातलं... आणि बुडबुडे आले. थांबले, पुन्हा आले. "चाललाय पाठ," वहिनी सुनंदाला म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

खाली गेल्यावर मला मासे दिसले, पोवळी दिसली. पण खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळ अप्पांकडेच बघत होतो. मुलीनं त्यांची टाकी धरली होती. वाळूपासून हातभर वर ते आडवे तरंगत होते, डोळे उघडे, दोन्ही पाय लांब सोडलेले. उजवा पायसुद्धा. मी तो पहिल्यांदाच स्थिर पाहिला.

वर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय दिसलं?"

"वाळू," अप्पा म्हणाले. "पर मन भरंस्तोर दिसली."

दुपारी बोटीत बसलो आणि पाय पुन्हा हलायला लागला. पुन्हा एकदा जाऊ, असं दर दिवाळीला ठरत राहिलं. ते झालं नाही. न्यूमोनियाचं निमित्त झालं...

विधी आटोपल्यावर वहिनींनी दुकानाच्या खुंटीवरचा तो जुना डबा मला दिला. "तुमच्याच पाठीवर होता, घिऊन जावा." आता तो आमच्या गॅलरीत टांगलेला आहे. वारा सुटला की गजांवर आपटत राहतो, एका लयीत. सुनंदा म्हणते, झाकण कापून घ्या, तुळस लावू. तसा तो पोकळच आहे. तिचं चुकत नाही. पण अप्पांनी डाग दिला त्या दिवसाची हवा अजून त्यात कोंडलेली आहे. पत्रा कापायची कात्री मी आणली आहे. ती टेबलावर आहे. मी उठतो, डबा हातात घेतो, हलवून बघतो आणि परत टांगून ठेवतो.