नको म्हटलेलं वाक्य

द्वारका चौकात टायरच्या दुकानावर शुभांगीताईंची खोली होती. एक संगणक, दोन खुर्च्या आणि खाली दिवसभर ट्रकांचे हॉर्न. पोटासाठी ताई लग्नं शूट करायच्या, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ करायच्या आणि उरलेल्या दिवसांत माहितीपट. मी त्यांचा एडिटर. त्यांचे पहिले दोन माहितीपट शे-दोनशे लोकांनी पाहिले असतील. तिसरा मात्र सगळ्यांनी पाहिला.

तो देवळ्याकडच्या कांद्याच्या खळ्यांवरचा होता. लिलावात घेतलेला कांदा व्यापारी खळ्यावर आणून टाकतात आणि बायका दिवसभर उकिडव्या बसून मोठा, मध्यम, बारीक असा निवडतात. तिथेच ताईंना गोजराबाई भेटल्या. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, जिभेला धार. पहिले सहा महिने ताईंनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. शेजारी बसून कांदे निवडायच्या. गोजराबाई त्यांनी निवडलेला ढीग परत चिवडून म्हणायच्या, "शिकलेली हाय ना तू? मंग बारीक अन् मोठा कळत कसा नाय तुला?"

पुढे तीन वर्षं शूटिंग चाललं. एका दुपारी ताईंनी त्यांना नवऱ्याबद्दल विचारलं. गोजराबाई हात न थांबवता बोलत होत्या. "तो गेला तवा समदे रडत व्हते. मीबी रडले. रडाया लागतं. पन त्या दिशी मला झोप लागली बाई. लगीन झाल्यापासून पैल्यांदा पुरी झोप." मग त्यांचे हात थांबले. कॅमेऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "हे नको घेऊ. लखन हाय, नातवंडं हायेत."

"बरं," ताई म्हणाल्या.

हे सगळं मी नंतर पडद्यावर पाहिलं.

"ताई, त्यांनी नको म्हटलंय," मी म्हणालो.

"संमतीच्या कागदावर सही आहे त्यांची. आणि सलाउद्दीन, हे वाक्य काढलं तर उरतात नुसते कांदे."

ते खरंच होतं. मी 'पुरी झोप' या शब्दांनंतर कापलं आणि त्यावर त्यांच्या हातांचं दृश्य लावलं. 'नको घेऊ' म्हणतानाचे चार सेकंद मीच काढले. त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. जोड इतकी बेमालूम बसली होती की मी खुशीत होतो.

माहितीपटाला परदेशातल्या महोत्सवात बक्षीस मिळालं. पेपरात ताईंचा फोटो आला. महिन्याभरात कुणीतरी त्यातला तेवढाच तुकडा कापला, खाली नाचाचं गाणं लावलं, वर लिहिलं, 'नवरा मेला, म्हातारी खुश', आणि फोनवर सोडून दिला. आठ दिवसांत तो देवळ्याला पोचला.

लखन म्हणजे गोजराबाईंचा एकुलता मुलगा. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. गिऱ्हाइकं त्याच्यासमोर तो तुकडा लावून हसायची. त्यानं ते गिळलं. पण त्याच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा व्हायच्या आत फोन पुढे केला आणि उठून गेले. संध्याकाळी लखननं आईचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. गोजराबाई मनमाडला बहिणीकडे गेल्या.

आम्ही दोघं तिथे गेलो. गोजराबाईंनी चहा केला. ताई हात जोडून रडायला लागल्या, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं नाय दावलं तू. मी बोललेच व्हते. पन मी तुझ्याशी बोलले व्हते."

ताईंनी मान खाली घातली.

"पुसता येतं का ते?"

"मी सगळीकडून काढून घेते, आजी. आजच कळवते."

"अन् लोकांच्या फोनातलं?"



ताईंनी माहितीपट मागे घेतला. बक्षीस परत केलं. तक्रारी केल्या, अर्ज लिहिले. तो तुकडा एका ठिकाणचा काढला की दुसरीकडे दिसायचा. लखनच्या दारात त्या दोनदा जाऊन आल्या. त्यानं फाटक उघडलं नाही. थंडीत गोजराबाईंना न्यूमोनिया झाला आणि त्या मनमाडलाच वारल्या. आम्हाला तीन दिवसांनी कळलं.

महिन्याभरानं लखन द्वारकेच्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला.

"आईचा एक धड फोटो नाय घरात," तो म्हणाला. "तुमच्याकडं असंल."

सत्तर तासांचं चित्रण होतं आमच्याकडे. मी लावत गेलो. गोजराबाई हसताना, वजनात काटा मारणाऱ्या मापाड्याची नक्कल करताना, डोक्यावर पदर घेऊन ऊन चुकवताना. लखन तासभर बघत बसला. मग म्हणाला, "ते लावा."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी मूळचं, न कापलेलं लावलं. 'लखन हाय' हे शब्द आले तसा तो खुर्चीत ताठ झाला.

"बाप मारायचा तिला," तो म्हणाला. "मी दाराआड उभा राह्यचो. मला काय नवीन व्हतं त्यात? पन गावानं का बघायचं?" मग त्यानं विचारलं, "हे शेवटचं कुणी कापलं?"

"मी," मी म्हणालो.

"माझ्या सांगण्यावरून," ताई म्हणाल्या.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हसतानाचा एक फोटो मी छापून दिला. तो शर्टाच्या आत घालून लखन जिना उतरून गेला.

त्या उन्हाळ्यात ताईंनी कॅमेरा विकला. आता त्या एका शाळेत संगणक शिकवतात. मी दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडतो. पुढच्या वर्षी लखनच्या मुलीचं सटाण्याला लग्न झालं, असं खळ्यावरच्या एका बाईकडून कळलं. मांडवात कुणालाही फोन काढू दिला नाही म्हणे. व्हिडिओवालाही सांगितला नव्हता.